खंदारे मॅडमचा हात

समोर पडद्यावर डुकराच्या हृदयाचा प्रत्येक ठोका दिसत असायचा, तरी खंदारे मॅडमचा डावा हात त्याच्या बरगड्यांवरच. मी हसलो की म्हणायच्या, "मशीन तुमी पाहा. मले हात ठेवू द्या."

यवतमाळबाहेरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, माहेर उमरखेडकडचं. मी नळी बनवणारा इंजिनिअर. मांडीच्या शिरेतून ही बारीक नळी हृदयात न्यायची आणि ठोके बिघडवणारी नेमकी जागा तिच्या तापलेल्या टोकाने जाळायची. माणसाआधी डुकरावर, कारण त्याचं हृदय बरंचसं आपल्यासारखं.

पहिलं डुक्कर टेबलावरच गेलं. टोक तापलं, ठोके विस्कटले आणि थांबले ते थांबलेच. आमचे हृदयतज्ज्ञ साहेब हातमोजे काढत म्हणाले, "ही नळी माणसात जाणार नाही. काम बंद." माझी उमेदीची सगळी वर्षं त्या नळीत गेली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मॅडमनी डुकराची छाती उघडली. आत पिवळं पाणी, हृदय फुगून लिबलिबीत झालेलं. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. त्या गप्प राहिल्या असत्या तर सगळं नळीवर गेलं असतं.

"नळीचा दोष नाही, सर. डुकरं वाळून राह्यले होते, म्हून म्या सरकीची ढेप चारली. गाई-म्हशीले चालते. डुकराच्या हृदयाले थे जहर आहे."

"माहीत होतं, मग चारली कशाला?" साहेबांनी विचारलं.

"कॉलेजात शिकली होती, सर. पण घरी जनावर वाळलं की ढेप, हेच लहानपणापासून केलं. ध्यानातच नाही आलं."

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली ही गोष्ट. पण मुलूख कापसाचाच, त्यामुळे तेल काढून उरलेली सरकीची पेंड, म्हणजे ढेप, आमच्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळे. साहेब संतापले होते, पण बोलले एवढंच, "आणखी एक डुक्कर. तेही गेलं तर नळी बंद, आणि मॅडम, तुम्हीही घरी."

नव्या डुकराच्या खाण्याला मॅडमनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ज्वारीचा भरडा स्वतः कालवायच्या आणि ते खाईपर्यंत त्याच्या खाण्याच्या कुंडीपाशी उभ्या राहायच्या. त्यांचा आवाज ऐकला की ते दाराशी यायचं.

त्याच्याही वेळी टोक तापलं आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. साहेबांनी झटका द्यायचं यंत्र ओढलं.

"थांबा, सर," मॅडम म्हणाल्या. हात बरगड्यांवर. "परत येऊन राह्यलं."

आलं. नळी वाचली, त्यांची नोकरीही. पण आतली जखम नीट भरली का, हे पाहायला महिन्याभराने त्याच डुकराचं हृदय बाहेर काढावं लागणार होतं. साहेब म्हणाले, शेवटची सुई दुसरं कुणी देईल.

"नाही. थे माह्या हातचं खाते. दुसऱ्यानं धरलं त थे भ्येईन."

सुई त्यांनीच दिली. रेघ सपाट झाली तरी हात तिथंच होता.

"मॅडम, संपलं," मी म्हणालो.

"माहीत आहे मले."

हृदय निरोगी निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या बाहेर कुंडी धूत होत्या.