राख कोणत्या लाकडाची

मामी हातात येणारी प्रत्येक वस्तू आधी नाकाशी न्यायची. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, मी शिकवतो त्या यवतमाळच्या शाळेतून नेलेली पुस्तकंसुद्धा. वास घेऊन झाला की डोळे बारीक करून देणाऱ्याकडे पाहायची. राळेगावकडच्या त्या गावात तिला झडती घेणारी जमादारीण म्हणत. तिचे संशय बहुतेक वेळा फोल ठरत. नर्सबाईंच्या पिवळ्या गोळ्यांत तिला कावा दिसला होता, तो नव्हताच. म्हणून गावाशेजारच्या औष्णिक वीजकेंद्राविषयी ती बोलू लागली तेव्हा आम्ही हसलो.

केंद्राने राखेच्या ट्रॉल्या गावात फुकट रिकाम्या केल्या होत्या. पिठासारखी बारीक राख. भांडी घासायला, बियाण्याच्या तुरीला कीड लागू नये म्हणून चोळायला बाया टोपल्या भरून नेऊ लागल्या. मामीने ट्रॉलीवाल्याला विचारलं, "कोनत्या लाकडाची हाय?" तो म्हणाला, कोळशाची.

"अन् कोयशात काय काय होतं?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मामीने सुनेची टोपली उकिरड्यावर उपडी केली. "चांगली असती तं फुकट कायले वाटून राह्यले असते?"

ती स्वतः चुलीतल्या बाभळीच्या राखेनेच दात घासायची. एका पावसाळ्यात केंद्राच्या राख साठवायच्या तळ्याचा बांध फुटला. नाला करडा झाला, मासे पोटं वर करून तरंगले. मग केंद्राचे साहेब आले. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाले. मामीने नाल्यातल्या राखेची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या साहेब, दात घासून दाखवा."

साहेब हसले. राख कागदात बांधून घेतली, तपासणीला पाठवतो म्हणाले. पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मामी मात्र केंद्राची गाडी दिसली की रस्त्यात आडवी व्हायची.

यंदा ती खोकल्याने गेली. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. मला ते पटत नाही, खोडताही येत नाही. शेवटच्या भेटीत माझा हात तिने सोडलाच नाही.

"मास्तर, मले नाल्यात सोडू नोको. त्या राखेत माही राख नोको."

गावची रीत नाल्यात सोडायचीच. तरी मामेभाऊ आणि मी मडकं घेऊन वर्धा नदीवर गेलो. पाणी स्वच्छ दिसत होतं. मडकं टेकवून मी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

काही नाही, म्हणालो. मग मडकं उचललं आणि नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला चालू लागलो. तोही मागे आला.