अर्धा कोयता

बायको गेली तेव्हापासून मला भूक नाही. गोष्ट एवढीच. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सुनेला सांगितलं, हा मनाचा आजार आहे, उदासी आहे. गोळ्या देतो, शिवाय दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून जुन्या आठवणी बोलायला लावतात, तिथं आणत जा.

"मला आजार न्हाई," मी म्हणालो. "कट्टाळा आलाय."

"कट्टाळ्यानं कुनी भाकरी सोडतं व्हय, मामा?" सून म्हणाली.

दसरा महिन्यावर आला होता. दसरा झाला की पाथर्डीकडची निम्मी गावं ऊस तोडायला बाहेर पडतात. माझा पोरगा आन सूनही जातात, राहुरीकडं. यंदा सुनेनं हट्ट धरला, मामा जेवत नाहीत तर घरी एकटे ठेवायचे नाहीत, सोबत न्यायचे. सोबत म्हणजे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. निम्मा जन्म मी कोपीत काढला. आता लेकाच्या कोपीत कोपऱ्यात पडून राहायचं, लोकांनी येता-जाता बघायचं, हे मला जमणार नव्हतं. माझं घर आहे, मी घरात राहणार. पण त्यासाठी जेवून दाखवावं लागत होतं, आन घास आत जात नव्हता. म्हणून गुरुवारी जायला लागलो.

खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. बोलायला लावणारी मॅडम माझ्या नातीएवढी, पण सबुरीची. एका गुरुवारी सण, एका गुरुवारी शाळा. बाकीची माणसं बोलायची, डोळे पुसायची, चहा प्यायची. मी भिंतीकडं बघत बसायचो. शाळेचं मी काय सांगणार, दुसरीतच सुटलो. आन आठवण काढून माणूस परत येत नाही, हे कळायला शाळा लागत नाही.

मग एका गुरुवारी विषय निघाला कामाचा. मॅडमनं विचारलं, "बाबा, ऊसतोडीला तुम्ही घरचे किती जण जायचात?"

"एक कोयता."

"एकटेच?"

सगळी खोली हसली. मॅडम बाहेरगावची, तिला काय ठाऊक. मी सांगितलं, आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम जोडीच मोजतो. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता.

समोर शेजारच्या गावची एक म्हातारी बसायची. तीही तोडीतलीच, तिचाही मालक गेलेला. ती म्हणाली, "मग भाऊ, आता अर्धा म्हना की. मी बी अर्धाच."

आता कुणी हसलं नाही. मला राग आला. "अर्धा कुनाला म्हन्ती? ऊस मी तोडायचो."

"आन मोळी कोन बांधायचं?"

"ती."

"मग दावा बरं बांधून."

कोपऱ्यात सगळ्यांच्या काठ्या टेकवलेल्या होत्या. म्हातारीनं त्या आणून माझ्या पायाशी टाकल्या. "ह्यो घ्या ऊस."

मी खांद्यावरचा टॉवेल काढला, काठ्यांखालून घेतला, आवळला. उचलायला गेलो तर सगळ्या काठ्या फरशीवर पसरल्या. पुन्हा बांधली, पुन्हा तेच. मी पुढं तोडत जायचो, मोळी माझ्या पाठीमागं बांधली जायची. डोळ्यांनी ते काम कधी बघितलंच नव्हतं. कानांनी तेवढं ऐकलं होतं.

"काय ऐकलं होतं, बाबा?" मॅडमनं विचारलं.

"पीळ देताना ती हुं करायची. गुडघा रेटून. हुं."

माझ्याच तोंडून तो आवाज निघाला आन मी टॉवेल खाली ठेवला. म्हातारी वाकली. टॉवेलाला पीळ दिला, टोक खाली खोचलं, गुडघा रेटून म्हणाली, "हुं." मोळी घट्ट बसली. "आता रडा," ती म्हणाली, "पन घरी जाऊन जेवा."

घरी जाऊन अर्धी भाकरी खाल्ली. सून चुलीपासून चोरून बघत होती. पुढच्या आठवड्यात मीच म्हणालो, "जा तुमी."

"मामा, शेजारच्या काकूला फोन करून विचारीन मी, जेवले का म्हनून."

"विचार. मी काय पळून चाललोय का?"

ट्रॅक्टर हलला तरी ती ट्रॉलीतून ओरडत होती, "गुरुवार चुकवू नका!"

चुकवत नाही. बरं वाटतं का म्हणून मॅडम विचारते, मी नाही म्हणतो. थकवा आहे तसाच आहे. जेवायला बसलो की कधी घास घशाशी अडतो. तेव्हा मी हुं करतो आन रेटतो. कधी जातो. कधी नाही जात.