रतनबाईच्या हातातली शिडी

सोपान शिंप्याचा मला फार राग यायचा, आणि त्यानंच शिवलेला सदरा माझ्या अंगात असायचा. तसा खांदा अख्ख्या खंडाळ्यात कुणी बसवत नव्हतं. पण सदरा हातात पडेपर्यंत माणसाचा जीव जायचा. माझी पिठाची गिरणी त्याच्या घराला लागून, मधे एकच भिंत. त्यामुळं हा माणूस काम कसा करतो, खरं म्हणजे कसा करत नाही, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

त्याचं मशीन ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून होतं. घाट चढून तापलेला ट्रक आमच्यासमोर थांबायचा, ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायचा. ट्रक थांबला की सोपान उठलाच. गळ्यात टेप तशीच, आणि हा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. तिथून कुणाच्या तरी मागं स्टेशनात, स्टेशनातून कुठं भुशीच्या धरणाकडं. संध्याकाळी परत यावं तर सकाळची बाही सुईखाली तशीच लटकलेली. आळशी म्हणावं तर तेही नाही. एखादी गोष्ट डोक्यात बसली तर जेवण विसरून शिवायचा. पण काय बसेल आणि कधी, हे त्याच्या हातात नव्हतं. ‘‘बसावं वाटतंय वो बजरंगभाऊ, पर बूडच उठतंय,’’ असं म्हणायचा, आणि हे सांगतानाही उभाच असायचा.

त्याची बायको रतनबाई. तळेगावाकडच्या नवलाख उंबरे गावची, बोलायला कमी, पण नजर तेज. गिऱ्हाइकं भांडून कापड परत न्यायला लागली, तेव्हा तिनं पदर खोचला. आधी मशीन भिंतीकडं वळवलं. सोपान भिंतीवरच्या पालीकडं बघत बसला. मग तिनं सगळं कापड पेटीत घालून कुलूप लावलं आणि एका वेळी एकच कपडा द्यायला लागली. त्याचा जरा गुण आला. मग तिच्या ध्यानात आलं, की माझी गिरणी घरघरत असली की सोपान बसतो आणि वीज गेली की उठतो. ‘‘भाऊ, दुपारची गिरणी बंद नका ठिवू,’’ म्हणून मला सांगायला आली. दळण नसताना काय हवा दळू, मी खेकसलो. रिकामी चालवली की दगडच एकमेकांना खातात. पण दळणं दिवसभर पुरवून पुरवून घ्यायला लागलो, हेही खरं.

शेवटी तिनं माळा निवडला. पावसाळ्याचं सरपण ठेवायची जागा ती. सरपण हलवलं, भिंत सारवून कोरी केली, कौलांत एक काचेचं कौल बसवून घेतलं, नेमका सुईवर उजेड पडेल असं. रस्ता दिसत नाही, कुणी येता-जाता हाक मारत नाही, आणि गिरणीची घरघर भिंतीतून थेट पाठीला लागते. मशीन सुटं करून मी आणि सोपाननं वर चढवलं. जागा झकास झाली. तरी शिडी होतीच, आणि सोपान उतरायचाच. पाणी प्यायला, हवा खायला, उगाच. एक दिवस वरून त्यानंच सांगितलं, ‘‘रतन, शिडी काडून घे. बोंबललो तरी दिऊ नको.’’

तिनं शिडी काढून घेतली आणि कपडे वेळेवर व्हायला लागले. भाकरी टोपलीतून दोरीनं वर जायची. शिडी दुपारी एकदा लागायची आणि दिवेलागणीला एकदा. गल्लीतले टगे ‘‘सोपानला माळ्यावर वाळत घातलाय’’ म्हणून हसायचे, पण कपडे त्याच्याकडंच टाकायचे.

एकदा रतनबाई लोणावळ्याच्या बाजाराला गेली आणि शिडी माझ्याकडं ठेवून गेली. थोड्या वेळानं वळणावर काही तरी आदळलं, माणसं धावली. ‘‘बजरंगभाऊ, शिडी द्या!’’ सोपान वरून ओरडला. ‘‘वैनीला येऊ दे,’’ मी म्हटलं. संध्याकाळी गिरणीत आला तो डोळे लाल करून. ‘‘शिडी तिच्या हातात आसली की मी नवरा आसतो,’’ म्हणाला, ‘‘तुमच्या हातात गेली की कैदी.’’ त्यानं रतनबाईला शपथ घातली, शिडी दुसऱ्या कुणाकडं द्यायची नाही आणि ती काढून ठेवून कुठं लांब जायचंही नाही. ते मला लागलं, पण त्या शपथेनं अडकली ती रतनबाई.

सोपान निदान दिवेलागणीला उतरून चौकात जाऊन यायचा. ही दिवसभर उंबऱ्यात तांदूळ निवडत, शेजारी शिडी भिंतीला आडवी. हळदीकुंकू बंद झालं, बाजार मला सांगायला लागली, कुणाच्या मयताला गेली तरी दारातूनच परतायची. एकदा म्हणाली, ‘‘भाऊ, त्येंला वर कोंडलंय म्हंत्यात लोकं. मला कुनी कोंडलं, त्ये कुनी इचारत न्हाई.’’ आणि लगेच मान खाली घालून खडे वेचायला लागली.

दिवाळी म्हणजे शिंप्याचा हंगाम. त्यामुळं भाऊबीजेला माहेरी जाणं सुटलंच होतं. तिचा भाऊ मारुती दरवर्षी स्वतः यायचा, ओवाळून घेऊन जायचा. आईबाप कधीच गेलेले, माहेर म्हणजे तो एकटा. सहासष्ट सालच्या सुगीत तो पेंढ्यांच्या गाडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. पुढच्या दिवाळीला निरोप आला: मला उठवत नाही, यंदा तू ये.

नेमके तेव्हा एका हॉटेलच्या वेटरांचे पांढरे कोट सोपानकडं होते, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे. वेळेत दिले तर हॉटेलचं कायमचं काम, नाही तर सगळं कापड लोणावळ्याच्या शिंप्याकडं. शिडी मी सांभाळतो, मी म्हटलं. ‘‘शपत हाय,’’ ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी माळ्याकडं तोंड करून सोपानला नको नको ते बोललो. मग तो म्हणाला, ‘‘रतन, शिडी लावून ठिव आन् जा. मी उतरायचा न्हाई. तुझी आन.’’

भाऊबीजेला सकाळच्या पॅसेंजरनं ती तळेगावला गेली. तिथून पुढं एस.टी. मिळाली तर एस.टी., नाही तर पायी. मी दिवसभर गिरणी थांबू दिली नाही. दळण संपलं तेव्हा घरचा गहू काढून दळला. घरघरीत वरच्या मशीनचा आवाज काही कळत नव्हता.

दिवस कलताना ती आली ती आधी गिरणीतच. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ‘‘मारुती हात सोडंना, भाऊ. म्हनला, माज्यानं आता येनं हुनार न्हाई, तूच दर साल ये. आता जमंल की! शिडी लावून जायचं, झालं.’’ मी खटका बंद केला आणि तिच्यामागं गेलो.

वर सामसूम. शिडी तिनं लावली तशीच होती. ती चढली, मी खाली शिडी धरून उभा राहिलो.

‘‘उतरलो न्हाई बघ,’’ सोपानचा आवाज आला. ‘‘पान्याला सुदीक न्हाई.’’ मग आवाज बसला. ‘‘दिसभर शिडीकडंच बघत व्हतो. येक टाका पडला न्हाई.’’

त्यानं शब्द पाळला होता आणि सगळा दिवस त्या पाळण्यातच गेला होता. कुणावर ओरडावं ते मला कळेना.

रतनबाई सावकाश उतरली. शिडी उचलून भिंतीला आडवी ठेवली.

‘‘मारुती कसा हाय?’’ वरून त्यानं विचारलं.

‘‘बरा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘फुडल्या साली त्योच येनार हाय. मला नको येऊ म्हनला.’’

मोडक्या खुब्याचा माणूस नवलाख उंबऱ्याहून खंडाळ्याला कसा येणार, हे सोपाननं विचारलं नाही. रतनबाईनं माझ्याकडं बघून हातानंच गिरणीकडं खूण केली. दळण शिल्लक नव्हतं. मी जाऊन रिकामीच गिरणी चालू केली.