सतरा नंबरची चादर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी एका निवासी शाळेच्या उन्हाळी शिबिरात इंटर्न होते. सहा आठवडे. शाळेची नेहमीची मुलं घरी गेलेली आणि त्यांच्या खाटांवर बाहेरून आलेली नऊ ते अकरा वर्षांची मुलं. त्यांना सकाळी उठवायचं, वर्गात बाईंच्या हाताखाली राहायचं, मैदानावर डोकी मोजायची, भांडणं सोडवायची, हे माझं काम. शिवाय मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे कॉलेजला एक निरीक्षणवही भरून द्यायची होती. ती वही बगलेत मारून मी अशा ऐटीत फिरायचे, जणू सगळ्या मुलांची मनं तपासायला माझ्याकडेच पाठवली आहेत.

तिथल्या कपड्यांच्या खोलीत एक मावशी होत्या. चोवीस वर्षं त्याच खोलीत. उंच, हाडकुळ्या, चष्म्याला दोरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक कपड्यावर त्याचा नंबर शिवलेला असायचा आणि मावशी मुलांना नंबरानेच हाक मारायच्या. "नऊ नंबरच्या खिशात आज बेडूक होता," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी खिसे बघते म्हणून वाचला बिचारा. नाहीतर त्याला इस्त्रीच झाली असती."

पहिल्याच आठवड्यात मी एकदा लवकर उठून मुलांच्या खोलीत गेले, तर मावशी अनवाणी पायांनी खाटांमधून फिरत होत्या. खांद्यावर धुतलेल्या चादरींची चळत. एका झोपलेल्या मुलाला त्यांनी हलकेच कुशीवर वळवलं, ओली चादर काढली, कोरडी घातली, त्याची पँटही बदलली. त्याने डोळे अर्धवट उघडले, त्यांना पाहिलं आणि मिटून घेतले. मग मावशींनी आणखी तीन खाटांच्या चादरी बदलल्या. त्या तिन्ही कोरड्या ठणठणीत होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "या का बदलल्या?"

"एकच बदलली तर कुणाची ते कळतं ना. एक ओली झाकायला तीन कोरड्या धुवायच्या." ओल्या चादरीचा बोळा त्यांनी कोरड्यांत गुंडाळला. "मुलांना तू उठवतेस म्हणून सांगते. माझं झाल्याशिवाय आत यायचं नाही. आणि हे तुझ्यामाझ्यात राहू दे. चोवीस वर्षांत एकाही पोराची गोष्ट या दाराबाहेर गेलेली नाही."

मी मान हलवली. आणि त्याच दुपारी वहीत लिहिलं: 'क्र. १७, वय १०, रोज अंथरूण ओलं करतो. आईवडील वेगळे राहतात. असुरक्षितता?' त्या प्रश्नचिन्हावर मी फार खूश होते. मुलांची नावं लिहायची नाहीत असा कॉलेजचा नियम होता, तो मी पाळला होता. नाव नाही, फक्त नंबर. तो नंबर त्याच्या प्रत्येक कॉलरवर शिवलेला होता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सतरा नंबर म्हणजे एक बारीक, शहाणा मुलगा. खेळाच्या पहिल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "ताई, मला पळता येत नाही, पण मी स्कोअर चांगला लिहितो." दुपारी बाकीची मुलं दंगा करायची तेव्हा हा कपड्यांच्या खोलीत जाऊन मावशींबरोबर मोज्यांच्या जोड्या लावायचा. मोठी चादर एकट्याने कशी घडी घालायची हे त्यांनी त्याला शिकवलं होतं. दोघं फार बोलत नसत. पण तो तिथून यायचा तेव्हा त्याचे खांदे खाली आलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात अभ्यासाच्या तासाला माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आमचे निकाल लागले होते. मी वही टेबलावर तशीच ठेवून व्हरांड्यात गेले. सात-आठ मिनिटं बोलले असेन, हसले असेन. परत आले तर वही जागच्या जागी होती, फक्त तिच्यावर ठेवलेलं पेन खाली पडलं होतं. मी ते उचललं आणि मागच्या बाकावर दोन मुलं एकमेकांना ढोसत होती त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याहून मुलं वर आली तेव्हा सतरा नंबरच्या उशीवर कागदाच्या होड्या होत्या. पाच-सहा. खोलीभर खसखस पिकली. त्याने होड्या एकेक करून उचलल्या, केराच्या टोपलीत टाकल्या आणि सरळ कपड्यांच्या खोलीकडे चालू लागला. मी मागोमाग गेले.

"तुम्ही सांगितलंत," तो मावशींना म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"नाही रे बाळा. मी नाही सांगितलं."

"मग कुणी?"

मावशींनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी टॉवेलांच्या फळीकडे बघू लागले. ते पांढरे होते आणि कडेला निळी रेघ होती. अजून आठवतात. मावशी काहीच बोलल्या नाहीत, मीही मूग गिळून उभी राहिले. तो वळला आणि निघून गेला.

त्यानंतर त्याने मावशींना खाटेजवळ येऊ दिलं नाही. त्यांच्याआधी उठून ओली चादर स्वतःच काढायचा आणि ट्रंकेत कोंबायचा. चौथ्या दिवशी वास सुटला. शिबिराच्या प्रमुख सरांनी ट्रंक उघडायला लावली, सगळ्यांसमोर. संध्याकाळी त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. गाडीत बसताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

सरांनी मावशींना आणि मला ऑफिसात बोलावलं. मुलाने वडिलांना मावशींचंच नाव सांगितलं होतं.

"मी बोलले नाही, एवढंच सांगते," मावशी म्हणाल्या.

"मग बातमी फुटली कशी?"

मी माझ्या चपलांकडे बघत होते. शेवटी सरांनी मावशींना शिबिर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या कोठीत काम दिलं आणि मुलांच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

मी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला ओढवून घेतेस? सर्टिफिकेट हातात पडू दे. त्या वयाने मोठ्या आहेत, निभावून नेतील." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर आईचाच राग आला.

पण मावशी मजल्यावर नव्हत्या, त्याचं काय होतं ते दोनच दिवसांत कळलं. पाच नंबर सकाळी भिंतीकडे तोंड करून उठायलाच तयार होईना. पांघरूण काढलं तर तोही भिजलेला. म्हणजे त्या तीन चादरींतली एखादी नेहमीच कोरडी नसावी, आणि ते मावशींनी मलासुद्धा कळू दिलं नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून चादरी बदलू लागले. मला ते जमेना. मी ओढाताण केली की मुलं जागी व्हायची, घाबरायची. एका मुलाने झोपेत विचारलं, "मावशी कुठेत?"

त्या दिवशी मी सरांकडे गेले आणि वही त्यांच्यापुढे ठेवून सगळं सांगितलं.

त्यांनी ते पान वाचलं, वही मिटली. "हे तेव्हा सांगायचं होतं. आता वरातीमागून घोडं." मग जरा नरमाईने म्हणाले, "लिहून वगैरे काही देऊ नका. पालक शांत झालेत. मी मावशींना परत वर पाठवतो."

मावशींना त्यांनी खरंच परत पाठवलं. मी कपड्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्या खण नीट लावत होत्या.

"मावशी, मला माफ करा."

"मला ठाऊक होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुला सोडून मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

"मग त्याला का नाही सांगितलंत? सरांना का नाही सांगितलंत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते." त्या वळल्या. "पहिल्या दिवशी वाट बघितली. ट्रंक उघडली तेव्हा बघितली. ऑफिसात बघितली. शिकलेली मुलगी आहे, बोलेल म्हटलं. आणि माझी माफी काय मागतेस? मी काय, चार पोती इकडची तिकडे केली. तो पोरगा आयुष्यभर समजत राहील की मी त्याला विकलं."

त्यांनी एका चिठ्ठीवर त्याच्या आईच्या घरचा फोन नंबर लिहून दिला. शिबिर संपायच्या आदल्या दिवशी दुपारी मी फोन केला. त्याच्या आईने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर तिने त्याला बोलावलं.

मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. "मावशींनी कुणालाही सांगितलं नाही. मी वहीत लिहिलं होतं आणि वही उघड्यावर टाकून गेले. तू विचारलंस तेव्हा मी तिथेच उभी होते, तरी बोलले नाही."

मग त्याने विचारलं, "मी त्यांना तसं बोललो, त्या रडल्या का?"

"नाही."

"खरं सांगा."

"माझ्यासमोर नाही रडल्या."

"त्यांना सॉरी सांगा," तो म्हणाला. "मला वाटलं होतं..." पुढे त्याला बोलवेना. माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. फोन त्याने ठेवला की त्याच्या आईने, कळलं नाही.

म्हणजे माझं ओझं मी थोडं त्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरही ठेवलं होतं. फोन केला नसता तर तो मावशींवर रागावून राहिला असता, आणि केला तर आता स्वतःवर. यातलं कमी वाईट कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही.

मी निरोप पोचवला. मावशींनी हातातला शर्ट खाली ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला. "जेवतोय का नीट, विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि पुढचा शर्ट घेतला.

मला सर्टिफिकेट मिळालं. त्यावर 'अत्यंत जबाबदार' असं लिहिलंय. आई ते फ्रेम करून लावणार होती. मी लावू दिलं नाही, आणि का ते तिने विचारलं नाही. आता मी स्वतः एका शाळेत शिकवते. मावशींना दोनदा पत्र लिहिलं, त्यांनी दोन्हींना उत्तर दिलं, चार-चार ओळींचं: तब्येत बरी आहे, नवी मुलं आली आहेत, इस्त्री बिघडली होती ती दुरुस्त झाली. मुलांबद्दल याहून जास्त एक अक्षर नाही.