दीड मीटरवरची शाल

लॉकडाउनच्या हिवाळ्यात आमच्या नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या घरात दर रविवारी सकाळी निवड समिती बसायची. बसायची म्हणजे लॅपटॉपवर. नवरा जेवणाच्या टेबलाशी, मी मागे पोहे परतत, आणि पडद्यावरच्या चौकटींत बाकीचे. कुणी कानटोपीत, कुणी पांघरुणात, एकजण तर कायम नुसतं कपाळ दाखवणारा. हे सगळे आमच्या क्रिकेट क्लबातल्या सगळ्यात खालच्या टीमचे खेळाडू, बहुतेक मराठी. उन्हाळ्यात दर शनिवारी खेळायचे आणि हिवाळ्यात, मैदानाचा चिखल झालेला असताना, पुढच्या मोसमात कोण ठेवायचा आणि कोण काढायचा यावर तावातावाने भांडायचे. ज्यांना शनिवारी सकाळपर्यंत अकरावा माणूस मिळत नसे, ते देशाची टीम निवडत असल्यासारखे बोलायचे.

मला ते ऐकायला आवडायचं. ऑफिसं घरात आली होती, भारताची विमानं बंद होती, नाशिकला सासूबाई एकट्या होत्या आणि नवरा दिवसेंदिवस मुका होत चालला होता. रविवारी मात्र त्याला कंठ फुटायचा. डावखुरा फिरकीवाला अ‍ॅम्स्टरडॅमकडे राहायला चाललाय, त्याच्या जागी कोण? सलामीवाल्याला बाळ झालंय, तो किती शनिवार येणार? नवरा टेबलावर हात आपटून म्हणायचा, "भावना बाजूला ठेवा. ज्याच्याकडून होत नाही, तो बाहेर."

तो स्वतः विकेटकीपर. टीममधला सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा. पन्नाशी जवळ आली होती आणि गुडघे त्याच्याही आधी पन्नाशीला पोचले होते. आदल्या मोसमात चेंडू त्याच्या पायांतून सरळ सीमेकडे जायचे आणि तो उठेपर्यंत फलंदाज तीन धावा पळून यायचे. हे सगळ्यांना दिसत होतं. पण रविवारी कीपरचा विषय निघाला की एकेकाचं नेट जायचं. कपाळवाला तर चौकटीतून पूर्ण नाहीसा व्हायचा.

जानेवारीत कॅप्टनचा मला फोन आला. मुलगा चांगला आहे, रॉटरडॅमला नोकरी करतो, आमच्याकडे हक्काने जेवायला येतो. म्हणाला, "वहिनी, डेल्फ्टला एक नवीन स्टुडंट आलाय. जबरदस्त कीपर आहे. आम्ही विचार करतोय की मोसमाच्या सुरुवातीला दादांचा सत्कार करावा. शाल, श्रीफळ, प्रॉपर."

आपल्याकडे शाल कधी देतात ते मला पक्कं ठाऊक आहे. माझे वडील शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांना पाच शाली मिळाल्या. त्यानंतर त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा कुणी बोलावलं नाही. त्या शाली आईने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवल्या आणि शेवटपर्यंत एकही कुणाच्या अंगावर पडली नाही. सापही मरावा आणि काठीही तुटू नये, यासाठी आपल्या लोकांनी शोधून काढलेली ही काठी म्हणजे शाल.

"म्हणजे तो टीममध्ये नाही, असंच ना?" मी विचारलं.

"तसं डायरेक्ट नाही... तुम्ही जरा त्यांच्या कानावर घालाल का?"

"मी का? दादा तुमचा, टीम तुमची. तूच सांग."

तो "हो, हो, बोलतो" म्हणाला आणि बोलला नाही. मग आणखी दोघांनी मला फोन केले. सगळ्यांना बंदूक ठेवायला माझाच खांदा सापडला होता. इथली माणसं मनात असेल ते तोंडावर बोलतात, म्हणून आम्ही मंडळी चहा पिताना त्यांना उद्धट म्हणतो. त्या दिवसांत मला वाटायचं, या अकरा जणांत एक तरी उद्धट माणूस हवा होता. मला राग होता तो नवऱ्याला काढण्याचा नव्हता. मी निवड समितीत असते तर मीही त्याला काढला असता. पण ज्याने पाहुण्यांसारखं नाही, घरच्यासारखं या पोरांना वागवलं, त्याच्याशी एक खरं वाक्य बोलायची कुणाची तयारी नव्हती. आणि या हिवाळ्यात त्याच्याकडे शनिवारची आशा सोडून दुसरं काही नव्हतं.

मे महिन्यात क्लबातल्या क्लबात सामने खेळायला परवानगी मिळाली. प्रेक्षकांना बंदी, आत फक्त खेळणारे. म्हणजे टीममध्ये नसलेल्याला साधं बघायलासुद्धा आत जागा नव्हती. पहिल्या शनिवारी नवऱ्याने किटबॅग सायकलला बांधली. सत्काराचा निरोप त्याला मिळाला होता. तो खूश आहे की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मी काही विचारलं नाही, थर्मास घेतला आणि माझी सायकल काढली.

सत्कार फाटकाबाहेर, सायकल स्टँडपाशी. सगळे दीड दीड मीटर अंतर ठेवून अर्धगोलात उभे. नारळ इथल्या सुरिनामी हिंदुस्थानींच्या दुकानातून आणलेला, शाल कुणाच्या तरी आईने पूर्वी कधी बॅगेत भरून दिलेली. कॅप्टनने चार चांगले शब्द म्हटले, टाळ्या झाल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दादांच्या खांद्यावर शाल घालायला कुणी जवळ जाऊच शकत नाही. फक्त घरचं माणूस जाऊ शकतं.

"वहिनी, तुम्हीच घालता का?"

शेवटी शाल माझ्याच हातात आली. नवरा माझ्याकडे बघत होता. मी घडी मोडली आणि कॅप्टनला म्हटलं, "घालते. आधी एक सांग. आज हा खेळणार आहे का?"

बाजूच्या रस्त्यावरून एक ट्राम गेली.

"नाही, वहिनी."

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

त्याने मास्क खाली केला. कान लाल झाले होते. "दादा, या मोसमात नाही. चेंडू खालून जातात तुमच्या. आम्ही दुसरा कीपर घेतलाय. सॉरी."

नवऱ्याने सायकलवरची बॅग सोडवली. मग म्हणाला, "हिवाळ्यातच बोलला असतास तर बॅग नसती आणली रे. दर रविवारी वाटायचं, आज कोणीतरी सांगेल." आणि माझ्यापुढे मान वाकवून म्हणाला, "घाल."

मी घातली.

टीम आत गेली, फाटक लागलं. मला वाटलं, आता हा घरी चल म्हणेल. पण त्याने बॅग उघडली, ग्लोव्ह्ज काढले आणि फाटकाच्या पलीकडे ठेवून नव्या कीपरला हाक मारली. "मॅटच्या खेळपट्टीवर बोटं सुजतात इथे. हे घाल, भिजले तरी कडक होत नाहीत." मग आम्ही कुंपणाबाहेरच्या सायकलच्या रस्त्यावर गेलो. मे असूनही वारा अंग कापत होता. त्याने शाल कानांवरून गुंडाळून घेतली, आपल्याकडे म्हातारे पहाटे फिरायला निघतात तशी. मला वडिलांची ट्रंक आठवली आणि डोळे भरून आले.

मी चहा ओतून कप पुढे केला. त्याचं लक्ष नव्हतं. आत गोलंदाज धावायला लागला की तो कुंपणाबाहेर गुडघे वाकवायचा, हात पुढे धरायचा, आणि चेंडू त्या पोराच्या ग्लोव्ह्जमध्ये बसला की सावकाश सरळ व्हायचा.