शर्टाची मान

आमच्या खालच्या खोलीतल्या बाईंना सगळी गल्ली कॉलरवाली म्हणते. त्याचा त्यांना राग नाही. लग्न होऊन आल्यापासून कोपऱ्यावरच्या शर्टांच्या कारखान्यात त्यांनी फक्त कॉलरच शिवली. बाह्या दुसरीकडे, खिसे तिसरीकडे, काजं त्यांच्या धाकट्या जावेकडे.

मग मालकांना समुद्रापलीकडे स्वस्त हात सापडले. यंत्रं कंटेनरात चढली आणि माणसं मिळेल त्या गाडीत. जाऊ गेली, पाठोपाठ किराणावालाही गेला. एकेका दाराला कुलूप लागलं. बाईंचे यजमान लांबच्या शहरात गोदामात लागले आणि फोनवर त्यांचा एकच धोशा: "खोली सोड आणि ये इकडे. दोन चुली परवडायच्या नाहीत."

"शिवणकामावर खोली चालते का बघते," बाई म्हणाल्या. "नाहीच चालली तर बोचकं बांधीन."

पहिलं गिऱ्हाईक आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमनकाका. नवा शर्ट घालून ते जिना चढून आले आणि मला हसू आवरेना. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे.

"कॉलर नवरदेवाची आणि बाह्या बुजगावण्याच्या!" काका खाली वाकून ओरडले. "बाई, इतकी वर्षं शर्टच शिवत होतात ना?"

"शर्ट कुठला, काका! शर्टाची मान शिवत होते. धडाशी ओळखच नाही."

आता बोचकं निघणार, असं मला वाटलं. पण बाईंनी यजमानांचा जुना शर्ट घेतला, टाका न टाका उसवला आणि तुकडे फरशीवर मांडून बसल्या. "वहिनी, जरा हात वर करा," म्हणत माझे मुंढेसुद्धा मापून गेल्या. काकांच्या बाह्या काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. कापडाची चाळण व्हायची तेवढी बाकी होती. पण शेवटी बाह्या बसल्या.

त्याच सुमारास आमच्या ह्यांचा शर्ट मी फडक्यासाठी फाडायला घेतला. बाईंच्या जुन्या कारखान्याच्याच कंपनीचा, पण आता समुद्रापलीकडून शिवून आलेला. थोड्याच धुण्यांत कॉलर विरली होती. बाईंनी तो हातातून ओढूनच घेतला.

"अहो, बाकी शर्ट धडधाकट आहे!"

"तिकडच्या बायकांना येत नाही वाटतं," मी म्हटलं.

बाईंनी शिवण उजेडात धरली. "येतं हो. हात सरळ आहे. दम घेऊ देत नसतील बिचारीला."

कॉलर उसवून त्यांनी उलटवली, विरलेली बाजू खाली दडपून पुन्हा शिवली. बोलता बोलता शर्ट नवा! मग काय, गल्लीभरचे टाकायला काढलेले शर्ट त्यांच्या खाटेवर येऊन पडू लागले. मागोमाग विजारीही आल्या: कुणाची चेन बदलायची, कुणाची खालची पट्टी मुडपायची.

बाईंना न्यायला यजमान आले, ते रिकामी पिशवी घेऊनच. बसायला जागा नव्हती.

"अगं, सामान बांधलं नाहीस? संध्याकाळची गाडी आहे."

"तुमची असेल." मशीन थांबलं नाही. "खोलीचं भाडं माझं मी भरतेय."

"आणि मी तिकडे एकटाच राहू?"

आता मात्र मशीन थांबलं. "मलाही सोपं नाही ते. पण तिकडे येऊन मी कोण? इथे लोक दार वाजवून विचारतात." मग पिशवीकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला ही भरून आणा. गोदामातल्या गड्यांच्या कॉलरी काय धड असणार आहेत?"

यजमानांनी पिशवीची घडी घालून काखेत मारली आणि विचारलं, "पँटी चालतील का?"