उस्तादाने लावलेला टॅपेट

गोरेगावचा आठवडी बाजार भरत होता तेव्हा रत्नपालच्या दुकानापुढे टेम्पो थांबला आणि त्यातून परसराम उस्ताद उतरला. मागे दोरीने बांधलेली त्याची जुनी बुलेट होती. गोंदियातल्या सगळ्यांनी हात टेकल्यावर कुणीतरी त्याला गोरेगावच्या मेकॅनिकचं दुकान सांगितलं होतं; मेकॅनिक कोण, हे त्याने विचारलंच नव्हतं. समोर रत्नपाल दिसला आणि म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. रत्नपालला मात्र काय आनंद झाला म्हणून सांगावा! अकरा वर्षं तो याच माणसावर दात धरून होता.

१९९९ साली तो गोंदियात याच उस्तादाच्या हाताखाली होता. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची फट, बुलेटला थंड इंजिनावरच लावायची असते. तापलेल्या इंजिनावर लावली, की ते निवल्यावर दांडा आवळतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. पण राइस मिलवाल्या शेठांना तासभर थांबायला सवड नसे आणि त्यांना थांबा म्हणायची उस्तादाची छाती नसे. गाडी आली तशीच पाना लावून तो वाटेला लावायचा. श्यामलाल शेठच्या बुलेटचा व्हॉल्व्ह असाच जळला. शेठ तणतणत आला, तेव्हा उस्तादाने भर गॅरेजात बोट रत्नपालकडे केलं. त्यानंतर गोंदियात कुणी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. अपमान गिळून तो आपल्या गावी, गोरेगावला परतला, पण विसरला नाही. विसरणाऱ्यांतला तो नव्हताच.

त्याने उस्तादाला ना बसा म्हटलं ना पाणी विचारलं. किक मारून पाहिली. पाय बिनअटकाव खाली गेला; इंजिन दाबच धरत नव्हतं. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडलं, तरी किक ढिलीच. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. सायलेन्सरला कान लावून किक हळूच दाबली, तर आतून फुसफुस ऐकू आली, म्हणजे व्हॉल्व्हमधून हवा निसटत होती. शेवटी झाकण उघडून दांडा बोटांनी फिरवून पाहिला. दांडा जागचा हलेना.

"टॅपेट कोनं लावला?" त्याने विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

"मीच लावला," उस्ताद खाली पाहत म्हणाला.

इंजिनाचं हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून तिचा तुकडाच गेला होता. रत्नपालने नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासला, वरून रॉकेल ओतलं, आणि थेंबही झिरपत नाही हे पाहूनच हात पुसले. काम बिघडवून सूड घ्यायला तो मूर्ख नव्हता. या माणसाला पुन्हा बोट दाखवायला जागा द्यायचीच नव्हती. मग तयार हेड मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

"हे आता लावत नाही. पयले श्यामलाल शेठकडं चला. तो टॅपेट कोनाचा होता, थे त्याच्या तोंडावर सांगा."

"शेठ तं मागच्या सालीच गेला बाबू," उस्ताद म्हणाला.

ज्याच्यापुढे नाव गेलं, तोच उरला नव्हता. मग रत्नपालला असा संताप आला की हेडवरची बोटं पांढरी पडली. "मंग इथंच बोला," तो म्हणाला. "भर बाजारात. जोरानं."

म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. श्यामलाल शेठची गाडी मी बिघडवली होती, हा पोरगा नाही, मला तेव्हाच ठाऊक होतं, असं तो ओरडून बोलला. भाजीवालीने क्षणभर वर पाहिलं आणि पुन्हा वांगी तोलायला घेतली. इथे ना कुणी शेठला ओळखत होतं, ना त्या बुलेटला.

"परत बोला," रत्नपाल म्हणाला.